दोन लाइन, एक राउटर: पॉलिसी राउटिंगला हात घालण्याआधीची तयारी

राउटरवर पॉलिसी राउटिंग, म्हणजे कोण पाठवतंय किंवा कसलं ट्रॅफिक आहे यावरून पॅकेटची वाट ठरवणं, चढवायला फार ओळी लागत नाहीत. एक एसीएल (कोणती पॅकेट निवडायची त्याची यादी), एक रूट-मॅप (निवडलेल्यांचं काय करायचं ते सांगणारी कलमं) आणि इंटरफेसवर, म्हणजे राउटरच्या दारावर, एक ओळ, एवढ्यात काम होतं. ओळी कमी म्हणून लोक थेट कन्सोल उघडून बसतात आणि मग संध्याकाळी प्रिंटर चालेनासे झाल्याचे फोन येतात. या कामातला मोठा भाग टाइप करण्याआधीचा आहे, म्हणून ही यादी त्या आधीच्या भागाची. समोर उदाहरण ठेवू ते आपल्याकडे सर्रास दिसणारं: तालुक्याच्या गावातल्या नागरी सहकारी बँकेचं मुख्य कार्यालय. तिथे एक लीज्ड लाइन आहे, कमी वेगाची, महाग, पण स्थिर पत्त्याची. दुसरी फायबर ब्रॉडबँड आहे, वेगवान आणि स्वस्त, पण कधी जाईल याचा नेम नाही. काउंटरचे कॉम्प्युटर लीज्ड लाइननेच बाहेर जायला हवेत, बाकी ऑफिस आणि सीसीटीव्ही ब्रॉडबँडवर. राउटर सिस्कोचा धरला आहे. लिनक्स आणि मायक्रोटिक कंपनीच्या राउटरबद्दल पुढे येईलच.

पहिली गोष्ट तपासायची ती ही, की पॉलिसी राउटिंग खरंच लागतं का. साधं राउटिंग फक्त पॅकेट कुठे चाललंय ते बघतं आणि टेबलातल्या सर्वांत नेमक्या जुळणाऱ्या रूटने त्याला धाडतं. ते कुठून आलं, कोणत्या पोर्टचं आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. तेव्हा मागणी जर 'अमुक सर्व्हरकडे जाणारं सगळं लीज्ड लाइनने न्या' अशी असेल, तर त्या सर्व्हरच्या पत्त्यासाठी एक स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, रूट पुरतो. कोअर बँकिंगचा डेटा सेंटरपर्यंतचा टनेल, म्हणजे नेटवरून जाणारी बंदिस्त जोडणी, राउटरवरूनच निघत असेल, तरीही टनेलच्या पलीकडच्या टोकाच्या पत्त्याला लीज्ड लाइनचा रूट दिला की काम झालं. पॉलिसी राउटिंगची गरज पडते ती निवड 'कोण पाठवतंय' किंवा 'कसलं ट्रॅफिक आहे' यावर करायची असेल तेव्हा. हा फरक न बघता रूट-मॅप लिहिले जातात आणि पुढची पाच वर्षं कोणीतरी ते सांभाळत बसतं. स्टॅटिक रूटने भागत असेल तर तिथेच थांबावं, असं माझं ठाम मत आहे.

गरज आहे असं ठरलं, तर राउटरकडे न जाता आधी पत्त्यांकडे जा. काउंटरचे कॉम्प्युटर आणि हिशेब विभागाचे कॉम्प्युटर एकाच १९२.१६८.१.०/२४ मध्ये जसे आले तसे पसरलेले असतील, तर एसीएलमध्ये एकेक पत्ता लिहावा लागेल, आणि कोणी जागा बदलली की नियम चुकीच्या मशीनला लागेल. आधी व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगळी जाळी) वेगळे करा: काउंटर १९२.१६८.१०.०/२४, ऑफिस १९२.१६८.२०.०/२४, कॅमेरे १९२.१६८.३०.०/२४. हे काम कंटाळवाणं आहे, त्यात एखादा शनिवार जातो, पण त्यानंतर पॉलिसी एका ओळीत मावते. हाताने पत्ता घातलेली यंत्रं शोधून काढा. पासबुक प्रिंटर, हजेरीचं बायोमेट्रिक यंत्र, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर हे सगळे बहुधा त्याच जातीचे असतात आणि कुठल्याच कागदावर सापडत नाहीत. राउटरवरची एआरपीची यादी (कोणता आयपी पत्ता कोणत्या यंत्राचा, ती) कामाच्या वेळेत एकदा आणि रात्री एकदा काढून ठेवली तर बरेचसे हाती लागतात.

पोर्टवरून निवड करणार असाल तर एक सापळा आहे. 'वेब म्हणजे टीसीपी ४४३' हे आता अर्धंच खरं आहे. क्विक हा प्रोटोकॉल मे २०२१ मध्ये आरएफसी ९००० (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांकित दस्तऐवज) म्हणून प्रमाण झाला, तो यूडीपीवर चालतो, आणि आजचे ब्राउझर जमेल तिथे यूडीपी ४४३ वापरतात. एसीएलमध्ये फक्त टीसीपी लिहिलं, तर एकाच साइटचं काही ट्रॅफिक एका लाइनने आणि काही दुसऱ्या लाइनने जाईल. ग्राहकाचा पत्ता मध्येच बदललेला दिसला की सत्र तोडणाऱ्या साइट असतात. तिथे माणूस पुन्हा पुन्हा लॉगिन करत बसतो आणि दोष साइटला देतो. म्हणून शक्य तिथे निवड पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर करा, पोर्टवर नको.

आता सगळ्यांत जास्त वेळ द्यावा अशी बाब: पॉलिसीतून काय वगळायचं. काउंटरच्या व्हीलॅनमधून आलेलं प्रत्येक पॅकेट लीज्ड लाइनकडे ढकला असं लिहिलं, की राउटर ते शब्दशः पाळतो. काउंटरवरून २० च्या व्हीलॅनमधल्या प्रिंटरला निघालेलं पॅकेटही लीज्ड लाइनच्या गेटवेकडे जातं आणि तिथे संपतं. पॉलिसी राउटिंग टेबलाच्या आधी लागते, शेजारचा व्हीलॅन टेबलात असला तरी त्याचा विचारच होत नाही. म्हणून एसीएलची पहिली ओळ आतल्या पत्त्यांकडे जाणाऱ्या ट्रॅफिकला डिनाय करणारी हवी. १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ हे आरएफसी १९१८ मधले खाजगी पत्त्यांचे तिन्ही गट तिथे घाला, आज वापरात नसले तरी. शाखांकडे जाणारे टनेल उद्या यातलाच एखादा गट वापरतील.

इथे डिनायचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण नवशिक्यांची भीती इथेच असते. रूट-मॅपसाठी वापरलेल्या एसीएलमध्ये डिनाय म्हणजे पॅकेट टाकून देणं नव्हे. 'हे या कलमात बसत नाही, पुढचं कलम बघ' एवढाच त्याचा अर्थ. कोणत्याच कलमात बसलं नाही तर पॅकेट साध्या टेबलाने जातं. रूट-मॅपचं कलमच डिनाय असेल आणि पॅकेट त्यात जुळलं, तरीही ते साध्या राउटिंगकडे परततं. टाकून द्यायचंच असेल तर ते वेगळं, स्पष्ट लिहावं लागतं.

वगळण्याचा दुसरा मार्गही आहे. 'सेट आयपी डिफॉल्ट नेक्स्ट-हॉप' ही आज्ञा आधी टेबल बघते आणि तिथे त्या ठिकाणासाठी नेमका रूट नसेल तरच पॉलिसीचा नेक्स्ट-हॉप (पॅकेट ज्याच्या हाती द्यायचं तो पुढचा पत्ता) वापरते. डिफॉल्ट रूटला, म्हणजे दुसरा कुठलाच रूट न जुळल्यास वापरायच्या वाटेला, ती नेमका रूट मानत नाही. आतलं ट्रॅफिक आपोआप सुटतं, बाहेरचं पॉलिसीने जातं. दिसायला सोपं आहे, पण काही स्विचवर ही आज्ञा चालत नाही, आणि वाचणाऱ्याला 'डिफॉल्ट' या एका शब्दाने केवढा फरक पडलाय ते लक्षात येत नाही. मी साधी 'सेट आयपी नेक्स्ट-हॉप' आणि वर स्पष्ट डिनाय हीच जोडी सुचवेन. सहा महिन्यांनी दुसऱ्या माणसाला ती वाचून समजते.

नेक्स्ट-हॉप ठरवताना तो राउटरला थेट लागून असलेला पत्ता आहे ना ते बघा. दोन हॉप पलीकडचा पत्ता दिला तर साधी आज्ञा निमूटपणे लागू होत नाही आणि ट्रॅफिक टेबलाने जात राहतं. त्यासाठी 'रिकर्सिव्ह' जोडावं लागतं. ब्रॉडबँड पीपीपीओईवर (युजरनेम-पासवर्डने जोडणाऱ्या पद्धतीवर) असेल तर नेक्स्ट-हॉप शोधत बसू नका, 'सेट इंटरफेस' देऊन त्या जोडणीचा डायलर इंटरफेस दाखवा. ते दोन टोकांचं नातं असल्याने चालतं. इथरनेटवर मात्र 'सेट इंटरफेस' नको: राउटर प्रत्येक बाहेरच्या पत्त्यासाठी एआरपी विचारू लागतो आणि सगळं पलीकडच्याच्या प्रॉक्सी एआरपीवर (दुसऱ्यांच्या वतीने उत्तर देण्यावर) अवलंबून राहतं. पीपीपीओईचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२ असतो, म्हणून आतल्या इंटरफेसवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटात मावणारा डेटा) १४५२ करून ठेवा. नाहीतर काही साइट अर्ध्या उघडतील आणि संशय उगाच नव्या पॉलिसीवर जाईल.

मग येतो तो प्रश्न, जो मालकाला विचारायचा असतो आणि इंजिनिअर परस्पर ठरवून टाकतो: लीज्ड लाइन बंद पडली तर काउंटरच्या ट्रॅफिकचं काय करायचं? ब्रॉडबँडने जाऊ द्यायचं की अडवायचं? समोरच्या यंत्रणेने फक्त आपला स्थिर पत्ता मंजूर केला असेल तर ब्रॉडबँडने गेलेलं तसंही नाकारलं जाईल. टनेलशिवाय ते उघड्यावर जाऊ नये असा बँकेचा नियमही असू शकतो. उत्तर लेखी घ्या. अडवायचं असेल तर त्याच कलमात नेक्स्ट-हॉपनंतर 'सेट इंटरफेस नल०' द्या; नल० म्हणजे आलेलं पॅकेट टाकून देणारा आभासी इंटरफेस. राउटर आधी नेक्स्ट-हॉप बघतो, तो नसेल तर इंटरफेस, आणि तिथे पॅकेट संपतं. जाऊ द्यायचं असेल तर काही लिहायला नको, पॅकेट टेबलाच्या डिफॉल्ट रूटने ब्रॉडबँडकडे वळेल.

पण लाइन बंद पडली हे राउटरला कळणार कसं? त्याची तार समोरच्या मोडेममध्ये असते. फायबर रस्त्यात तुटली तरी मोडेम चालू असतो, इंटरफेस अप दिसतो, नेक्स्ट-हॉप जिवंत वाटतो आणि पॅकेट गायब होत राहतात. म्हणून आयपी एसएलए (ठरावीक वेळाने पिंग करून लाइन तपासणं) आणि ट्रॅक (त्या तपासणीच्या निकालावर लक्ष ठेवणं) ही या कामातली ऐच्छिक गोष्ट मानू नका. 'सेट आयपी नेक्स्ट-हॉप व्हेरिफाय-अव्हेलेबिलिटी' या आज्ञेला ट्रॅकचा क्रमांक जोडा. एसएलएची वारंवारता मुळात ६० सेकंद असते, ती १० वर आणा. ट्रॅकला खाली जायला १५–२० सेकंद आणि वर यायला मिनिटभर विलंब द्या, नाहीतर डळमळीत लाइन दर काही क्षणांनी सगळ्यांना इकडून तिकडे फेकत राहील.

पिंग कोणाला करायचं हेही ठरवून ठेवा. फक्त सेवा देणाऱ्याच्या गेटवेला केलं तर त्याच्या पुढचा बिघाड दिसणार नाही. बाहेरचा पत्ता, समजा ८.८.८.८, घेतला तर त्या पत्त्यासाठी लीज्ड लाइनचा स्वतंत्र /३२ रूट हवा, म्हणजे तपासणी त्याच लाइनने होईल. याचे दोन परिणाम होतात. पहिला: लीज्ड लाइन मरेल तेव्हा त्या रूटमुळे ८.८.८.८ ऑफिसातल्या कोणालाच मिळणार नाही, म्हणून तोच पत्ता डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून वाटू नका. दुसरा: इंटरफेसच डाउन झाला तर /३२ रूट टेबलातून जातो, पिंग ब्रॉडबँडने यशस्वी होतं आणि मेलेली लाइन जिवंत दिसते. त्यासाठी त्याच पत्त्याचा दुसरा /३२ रूट जास्त डिस्टन्सने, म्हणजे कमी पसंतीचा म्हणून, नल० कडे लावून ठेवा.

डीएनएसचं सांगितलंच तर तेही पूर्ण करू. सेवा देणाऱ्यांचे डीएनएस सर्व्हर बहुधा स्वतःच्या ग्राहकांनाच उत्तर देतात. काउंटरच्या मशीनला ब्रॉडबँडवाल्याचा डीएनएस दिलेला असेल आणि पॉलिसी त्यांना लीज्ड लाइनने नेत असेल, तर नाव उलगडणार नाही आणि लोक 'नेट बंद' म्हणतील. दोन्ही लाइनवरून चालणारा डीएनएस ठरवून तो डीएचसीपीत (मशीनना पत्ते वाटणाऱ्या सेवेत) बदला, आणि हा बदल पॉलिसीच्या आदल्या दिवशी करा. मशीनला नवा डीएनएस डीएचसीपीची लीज नव्याने घेतल्यावरच कळतो.

नॅटचा, म्हणजे आतल्या खाजगी पत्त्याऐवजी लाइनचा पत्ता लावण्याचा, भाग दोन लाइनच्या राउटरवर हमखास अर्धवट राहतो. आतून बाहेर जाताना सिस्को राउटर आधी पॉलिसी बघतो आणि नंतर नॅट करतो, त्यामुळे पॉलिसीच्या एसीएलमध्ये आतलेच खाजगी पत्ते लिहायचे. नॅटचे नियम मात्र दोन हवेत, प्रत्येकाला आपापला रूट-मॅप आणि त्यात 'मॅच इंटरफेस', म्हणजे पॅकेट ज्या दाराने निघालं त्याच लाइनचा पत्ता त्याला मिळेल. एकच जुना नियम ठेवला तर ब्रॉडबँडने निघालेलं पॅकेट लीज्ड लाइनचा पत्ता घेऊन जाईल. पाठवणाऱ्याचे खोटे पत्ते रोखण्याची शिफारस आरएफसी २८२७ मध्ये मे २००० पासून आहे, आणि ती पाळणारा सेवादार असं पॅकेट दारातच टाकून देईल. लाइन बदलल्यावर जुनी भाषांतरंही अडकून राहतात: सिस्कोवर टीसीपीची नोंद मुळात २४ तास आणि यूडीपीची पाच मिनिटं टिकते. आयपी फोन सतत बोलत असल्याने त्याची नोंद कधीच म्हातारी होत नाही. 'क्लिअर आयपी नॅट ट्रान्सलेशन' ही आज्ञा हाताशी ठेवा.

बाहेरून आत येणारं काही असेल, उदाहरणार्थ डीव्हीआर बघण्यासाठी उघडलेला पोर्ट, तर परतीची वाट तपासा. लीज्ड लाइनच्या पत्त्यावर आलेल्या विनंतीचं उत्तर कॅमेऱ्याच्या व्हीलॅनमधून निघतं आणि पॉलिसी किंवा डिफॉल्ट रूट त्याला ब्रॉडबँडने पाठवतो. मध्ये स्टेटफुल (सुरू असलेल्या जोडण्या लक्षात ठेवणारी) फायरवॉल असेल तर ती हे जोडणीबाहेरचं म्हणून फेकून देईल. अशा यंत्रासाठी वेगळं कलम लिहा आणि ते सर्वांत वर ठेवा. ब्रॉडबँडच्या बाहेरच्या इंटरफेसवर १००.६४.०.०/१० मधला पत्ता दिसत असेल तर ती लाइन सेवादाराच्या मोठ्या नॅटमागे आहे. तिच्यावर पोर्ट उघडण्याचा विचारच सोडा.

आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत, विसरला जातो, आणि मला वाटतं आज सर्वांत जास्त पॉलिसी इथेच फुटतात. भारतातल्या बऱ्याच फायबर जोडण्यांवर तो चालू येतो. ब्रॉडबँडचा राउटर आतल्या जाळ्यात त्याचे पत्ते वाटत असेल, तर विंडोज शक्यतो आयपीव्ही६ निवडतं आणि काउंटरचं मशीन तुमच्या सगळ्या रूट-मॅपला वळसा घालून ब्रॉडबँडने बाहेर पडतं. आयपीव्ही४ ची पॉलिसी त्याला लागू नाही, 'आयपीव्ही६ पॉलिसी रूट-मॅप' वेगळी लावावी लागते. तेवढी तयारी नसेल तर काउंटरच्या व्हीलॅनमध्ये तो बंद ठेवा, आणि बंद आहे याची खात्री मशीनवर बसून करा.

यंत्राची कुवत पाहून घ्या. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ३५६० किंवा ३७५० स्विचवर पॉलिसी राउटिंगसाठी 'एसडीएम प्रेफर राउटिंग' हा साचा निवडावा लागतो आणि तो रीलोडनंतरच लागू होतो. हे ऐन वेळी कळलं तर कामासाठी ठरलेल्या वेळेतली पंधरा मिनिटं गेलीच. लिनक्सवर 'आयपी रूल' चे नियम अग्रक्रमाने वाचले जातात: लोकल टेबल ० वर, मुख्य टेबल ३२७६६ वर, म्हणजे आपले नियम या दोहोंच्या मध्ये. तिथे आरपी फिल्टर (पॅकेट अपेक्षित वाटेने आलं का ते तपासणारा) १ वर कडक असतो आणि वेगळ्या वाटेने आलेलं पॅकेट गुपचूप टाकतो, दोन लाइन असतील तर तो २ करा. मायक्रोटिकवर फास्टट्रॅक (पॅकेट झटपट पुढे धाडण्याची सोय) चालू असेल तर त्यातली पॅकेट मँगलपर्यंत, म्हणजे पॅकेटवर खूण करणाऱ्या नियमांपर्यंत, पोचतच नाहीत, मार्क लागत नाही आणि पॉलिसी कधी चालते, कधी नाही असं वाटतं. आवृत्ती ७ मध्ये राउटिंग टेबल आधी स्वतः तयार करावं लागतं, ६ वरची उतरवून ठेवलेली आज्ञावली जशीच्या तशी चालत नाही.

वेळ निवडताना बँकेत दुसरा किंवा चौथा शनिवार सोयीचा, पण आदल्या दिवसाची दिवसअखेर प्रक्रिया पूर्ण झाली का ते विचारूनच हात लावा. महिनाअखेर टाळा. चालू कॉन्फिगरेशनची प्रत राउटरच्या बाहेर काढा. लॅपटॉपला कन्सोल केबल लावून ९६०० वर ती खरंच बोलते का ते आधी बघा. दुरून काम करणार असाल तर 'रीलोड इन १०' देऊन सुरुवात करा आणि काम सेव्ह करू नका. दार बंद झालं तर दहा मिनिटांनी राउटर जुन्या अवस्थेत परत येईल. सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल'. ज्युनिपरवर हेच काम 'कमिट कन्फर्म्ड' करतं, मायक्रोटिकवर सेफ मोड. ओळी नोटपॅडमध्ये लिहून ठेवा, शेवटी लावायची ओळ इंटरफेसवरचीच असू द्या. ती आत येणाऱ्या, म्हणजे काउंटरच्या व्हीलॅनच्या इंटरफेसवर लागते, बाहेरच्या नव्हे.

चाचण्या आधीच लिहून ठेवा, नाहीतर रात्री एक पिंग करून सगळे घरी जातात. राउटरवरून केलेल्या पिंगला इंटरफेसची पॉलिसी लागतच नाही, कारण ते पॅकेट राउटरचं स्वतःचं असतं. त्याच्यासाठी 'आयपी लोकल पॉलिसी' असते. म्हणून चाचणी काउंटरच्या मशीनवरून. एसीएल पोर्टवर असेल तर विंडोजचा ट्रेसर्टही (पॅकेटची वाट दाखवणारी आज्ञा) फसवतो, तो आयसीएमपी पाठवतो आणि वेगळ्या वाटेने जाऊ शकतो. लिनक्सवर टीसीपी ४४३ ने ट्रेसराउट करता येतो. राउटरवर 'शो रूट-मॅप' मधला पॅकेटचा आकडा चाचणीबरोबर वाढतो का ते बघा, पण हार्डवेअरने पॅकेट हलवणाऱ्या स्विचवर तो शून्यच राहू शकतो. गर्दीच्या राउटरवर 'डिबग आयपी पॉलिसी' चालवू नका. लाइन बंद करण्याची चाचणी दोनदा: एकदा राउटरची तार काढून, एकदा मोडेमच्या पलीकडची फायबर काढून. दुसरी जास्त महत्त्वाची. ट्रॅक खाली गेला का, काउंटरचं ठरल्याप्रमाणे थांबलं किंवा वळलं का, लाइन परत आल्यावर फोन आपोआप बोलू लागले का, हे तिथेच कागदावर उतरवा. प्रिंट काढून बघा, खरी, पासबुकावर.

नोंदींचंही बघून घ्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायला आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायला सांगतात. आता बाहेर पडण्याचे पत्ते दोन झाले, तेव्हा कोणतं मशीन कधी कोणत्या पत्त्याने बाहेर गेलं हे नॅटच्या नोंदीतूनच सांगता येईल. सिसलॉग सर्व्हरकडे (नोंदी साठवणाऱ्या सर्व्हरकडे) त्या जातात का, हे पॉलिसीच्या दिवशीच तपासा.

एसीएलच्या प्रत्येक गटावर 'रिमार्क' लिहा: कोणासाठी, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या तारखेला. आणि एक छापील कागद रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. त्यावर दोन्ही लाइनचे सर्किट क्रमांक, तक्रारीचे फोन नंबर, ट्रॅकची अवस्था बघायची आज्ञा आणि पॉलिसी तात्पुरती काढण्यासाठी इंटरफेसवर द्यायची 'नो आयपी पॉलिसी रूट-मॅप' ही ओळ, रूट-मॅपच्या नावासकट.